यंत्राच्या पोटात (९) : फॉरमॅट मारण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल." गिऱ्हाईक मान डोलावतं, फोटो आणि टॅलीचा डेटा तेवढा वाचवा म्हणतं, आणि संध्याकाळी नवी विंडोज टाकलेला संगणक घरी घेऊन जातं. महिन्याभरात तोच संगणक पुन्हा त्याच काउंटरवर आला, की या वेळी नाव व्हायरसचं घेतलं जातं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली मुळात बिघडल्या कशाने, हा प्रश्न दोन्ही खेपांना कुणी विचारलेला नसतो.

त्या फाइली आपोआप नासत नाहीत. डिस्कवरची नोंद बिघडते ती तिथे कुणीतरी चुकीचं लिहिल्यामुळे, लिहिता लिहिता मध्येच थांबावं लागल्यामुळे, किंवा जिथे लिहिलं ती जागाच खराब निघाल्यामुळे. मागच्या भागात बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा प्रवास पाहिला. त्या प्रवासात विंडोज ज्या फाइलींवर सर्वाधिक विसंबते, त्यांतल्या काही सिस्टिम३२ फोल्डरच्या आत 'कॉन्फिग' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. रजिस्ट्री ती हीच. कोणता ड्रायव्हर कधी सुरू करायचा, कोणती सेवा चालू ठेवायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यातली 'सिस्टिम' नावाची एक फाइल वाचता आली नाही तर बाकी हजारो फाइली धडधाकट असूनही संगणक उठत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात काळ्या पडद्यावर याच फाइलचं नाव घेऊन ती हरवली किंवा खराब झाली असल्याचा संदेश यायचा, आणि तो पाहिलेल्या माणसांची संख्या महाराष्ट्रात कमी नसावी.

कारण त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन होतं. २००१मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्याच्या गावांतून संगणक वर्ग निघाले. त्यानंतर काही वर्षांतच ग्रामीण भागात दिवसाला कित्येक तास वीज नसणं नेहमीचं झालं. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली, की दिवा जाताक्षणी संगणकही जायचा. आणि संगणक कधीच नुसता बसलेला नसतो. कुणी काही टाइप करत नसलं तरी विंडोज रजिस्ट्रीत बदल लिहीत असते, लॉग लिहीत असते, स्मृतीत मावत नाही ते पेजफाइलमध्ये टाकत असते. शिवाय वेगासाठी बरंचसं लिखाण आधी रॅममध्ये साठवून मग सवडीने डिस्कवर उतरवलं जातं. वीज गेली की सवड संपते.

विंडोज ९८ ज्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर चालायची, तिथे अशा अर्ध्या लिखाणाचा माग काढायला काही साधन नव्हतं. म्हणून अचानक बंद पडलेला संगणक पुन्हा लावला की स्कॅनडिस्कची निळी पाटी यायची आणि सगळी डिस्क चाळत बसायची. १९९३मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतीने यावर तोड काढली, आणि २००१च्या एक्सपीपासून ती घरोघरी पोचली. दुकानदार व्यवहार झाला की आधी कीर्दीत टिपतो आणि मग निवांत खतावणीत चढवतो, तसं एनटीएफएस डिस्कच्या रचनेत कोणताही बदल करण्यापूर्वी तो एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून अर्धवट काम पुरं करता येतं किंवा मागे घेता येतं.

या सोयीवर मात्र गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. नोंदवही सांभाळते ती फाइलचं नाव, आकार, डिस्कवरची जागा एवढंच. फाइलच्या आतला मजकूर त्या वहीत नसतो. त्यामुळे वीज गेल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर दिसतो, आणि आत जुना मजकूर, शून्यं किंवा काहीतरी भलतंच असू शकतं. विंडोजला तीच फाइल सुरू होताना हवी असेल, तर करप्ट झालेली विंडोज ती हीच.

एसएसडी आल्यावर हा त्रास संपला, असं अनेक विक्रेते सांगतात. फिरणारी तबकडी नाही, सुई नाही, मग बिघडणार काय? बिघडायला भरपूर काही आहे. एसएसडीच्या आत कोणता मजकूर कोणत्या चिपमध्ये ठेवला याचा एक नकाशा सतत बदलत असतो, आणि त्या नकाशाचे ताजे बदल काही काळ विजेवरच जिवंत असतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या आणि एचपी लॅब्जमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये १५ एसएसडी घेऊन, लिखाण चालू असताना त्यांची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली. त्यांतल्या १३ एसएसडींनी चुकीचं वर्तन केलं. कुठे बिट बदलले, कुठे लिखाण अर्धं कापलं गेलं, कुठे आधी लिहिलेलं गायब होऊन नंतरचं शिल्लक राहिलं, आणि एखादी तर पार निकामी झाली. मोठ्या सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडींमध्ये वीज गेल्यावर उरलेलं लिखाण पुरं करण्याइतकी ऊर्जा धरून ठेवणारे कपॅसिटर बसवतात. घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात. नवी एसएसडी घेताना जागा किती आणि वेग किती हे सगळे विचारतात. तिच्याइतकीच गरज त्या जुन्या यूपीएसच्या नव्या बॅटरीची असते.

कधी कधी डिस्क वयाने नव्हे तर स्वतःच्या आतल्या प्रोग्रॅमच्या चुकीने जाते. नोव्हेंबर २०१९मध्ये हुलेट पॅकर्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या सर्व्हर ग्राहकांना कळवलं, की काही एसएसडींचं फर्मवेअर तातडीने बदला. नाहीतर त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि आतला डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, दिवसांत मोजलं तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एका डिस्कची नक्कल दुसरीवर ठेवून निर्धास्त असणाऱ्यांसाठी ही बातमी फार वाईट होती. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का जवळजवळ एकाच वेळी जाणार होत्या.

रॅमकडे तर संशयाने कुणी बघतच नाही. रॅममधली चूक वीज गेली की पुसली जाते, असा समज आहे. पण विंडोजचं एखादं अपडेट रॅममधूनच डिस्कवर उतरतं. रॅमच्या पट्टीत एक बिट चुकीचा झाला तर डिस्क तो चुकीचा बिट प्रामाणिकपणे जपून ठेवते, आणि नंतर डिस्क कितीही तपासली तरी ती निर्दोषच ठरते. टोरोंटो विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या दोघा संशोधकांनी २००९मध्ये गूगलच्या सर्व्हरांमधल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. त्या सर्व्हरांमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम होती, म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरच्या संगणकात बहुधा अशी रॅम नसते. महिन्या-महिन्याला विंडोज टाकावी लागणाऱ्या संगणकाबद्दल पहिला संशय रॅमवर घ्यायला हवा, आणि नेमका तोच सगळ्यांत शेवटी घेतला जातो.

आता व्हायरस. तो निर्दोष आहे असं मुळीच नाही. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी, चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेला, जागा झाला आणि विंडोज ९५ व ९८च्या संगणकांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसत सुटला. काही संगणकांची बायोसही त्याने मोडली.

पण अलीकडचं सर्वांत बोलकं उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचलं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या बाहेर पडला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जाळं त्यात सापडलं, आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या डिस्कचा बूट भाग बदलायचा, संगणक पुन्हा सुरू करवायचा आणि डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची मुख्य सूची कूटबद्ध करायचा. हे चालू असताना पडद्यावर दिसायचं ते डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या चेकडिस्क या साधनाचं हुबेहूब चित्र. डिस्क दुरुस्त होतेय, बंद करू नका, असं त्यावर बजावलेलं असे. जाणकारांनी लोकांना उलटंच सांगितलं, की हा पडदा दिसताक्षणी वीज तोडा, म्हणजे फाइली वाचतील.

मर्स्कला वाचवलं तेही विजेच्याच खोळंब्याने. कंपनीचे जगभरचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण कर्मचारी आणि त्याला काय परवानगी हे सांभाळणारे सर्व्हर, पुसले गेले होते. एक उरला होता घानामध्ये, कारण हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता. त्यातला डेटा तिथल्या इंटरनेटवरून पाठवायला फार वेळ लागला असता, आणि घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एकाने ती डिस्क नायजेरियापर्यंत नेली आणि तिथून दुसऱ्याने विमानाने इंग्लंडला. पुढे दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असं तिच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितलं. जगातला सर्वांत मोठा फॉरमॅट म्हणावा असाच तो होता, आणि एका उरलेल्या प्रतीवाचून तो इतक्या लवकर पार पडणं अशक्य होतं.

व्हायरसपासून वाचवायला ठेवलेलं सॉफ्टवेअरच विंडोजला आडवं करतं, हेही आता दोनदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस समजून उचलून बाजूला टाकली. ती गेल्यावर संगणक सतत रीस्टार्ट होत राहिले, अनेकांचं नेटवर्क तुटलं, आणि त्यामुळे सुधारित अपडेट घ्यायचीही सोय उरली नाही.

१९ जुलै २०२४ची सकाळ तर अजून ताजी आहे. भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल सोडली आणि ७८ मिनिटांत मागेही घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. चूक लहानशी होती. प्रोग्रॅमला २० रकान्यांची माहिती मिळत होती आणि नवी फाइल त्याला एकविसावा वाचायला लावत होती. हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, सर्वाधिकार घेऊन चालत असल्याने त्याने हद्दीबाहेरची जागा वाचली आणि त्याच्याबरोबर विंडोजही कोसळली. भारतातही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

इथे एक फरक करायलाच हवा. त्या दिवशी विंडोजची एकही फाइल बिघडलेली नव्हती. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की विंडोज पूर्ववत उठत होती. ज्याने घाबरून फॉरमॅट मारला असता त्याने विनाकारण सगळं घालवलं असतं. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कांसाठी ४८ अंकी किल्ली लागत होती, आणि ती किल्ली कुठे ठेवली आहे हे माहीत असणाऱ्यांची सुटका लवकर झाली.

काही नुकसान माणूस स्वतःच्या हाताने करतो. फुकटात विंडोज सक्रिय करून देणारे 'अ‍ॅक्टिव्हेटर' सिस्टिममध्ये ढवळाढवळ करतात आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं. रजिस्ट्री साफ करून वेग वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या 'क्लीनर'ना मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे पाठिंबा देत नाही. त्यात विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्ट्रीची जी प्रत पूर्वी आपोआप एका बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवली जायची, ती ठेवणंही थांबलं आहे. ते फोल्डर अजून दिसतं, आतल्या फाइलींचा आकार मात्र शून्य असतो.

मग विंडोज उठत नसेल तेव्हा करायचं काय? पहिलं काम महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचं, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं तर त्या श्रमानेच ती जाऊ शकते. त्यानंतर डिस्कचा स्वतःचा आरोग्य अहवाल, म्हणजे स्मार्ट, वाचावा. तो दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. अहवालात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर वाढताना दिसले तर डिस्क बदलणं भाग आहे. फक्त सीआरसी चुका वाढत असतील तर दोष बहुधा डेटा केबलचा असतो, आणि डिस्कपेक्षा केबल फारच स्वस्त पडते. संगणक निदान सेफ मोडमध्ये उठत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पुन्हा पुन्हा आहे का बघावं. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची ती खूण असते, आणि वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा यूपीएस तपासायला ती पुरेशी आहे. 'एनटीएफएस ५५' दिसली तर डिस्कवरची रचनाच बिघडली आहे.

विंडोजच्या दुरुस्तीची दोन आतली साधनं, एसएफसी आणि डिझम, यांची पाळी यानंतरची. एसएफसी बिघडलेली फाइल विंडोजनेच जपलेल्या साठ्यातून बदलते. तो साठाच खराब असेल तर ते हात टेकतं, म्हणून आधी डिझमने साठा दुरुस्त करून मग एसएफसी चालवावं. पण ही दोन्ही साधनंसुद्धा रॅममधूनच काम करतात. त्यामुळे मेमटेस्टसारखं साधन रात्रभर चालवून रॅम आधी तपासली नसेल, तर सदोष पट्टी दुरुस्तीच्या फाइलींमध्येही चुकीचे बिट लिहून ठेवील.

(पुढील भागात : बॅकअप कुठे ठेवायचा, आणि तो परत मिळतो की नाही हे कसं तपासायचं)