वीज गावची, तर जबाबदारीही गावची

सोनपेठ तालुक्यात खडका येथे गोदावरीवर बंधारा आहे. त्याचे पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. कोळसा लांबून रेल्वेने येतो, त्याला आमच्या नदीचे पाणी लागते, तेव्हा कुठे तिथे वीज तयार होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळ पडला आणि पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. नदी आटली की वीजही थांबते, हे मराठवाड्याने तेव्हा पाहिले.

शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. साप-विंचू, चिखल, उघड्या वायरी, सगळे वाटेत असते. तो परत येईपर्यंत घरात आईच्या आणि बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून आम्ही विजेला केवळ शेताचा प्रश्न मानत नाही. तो घराचा प्रश्न आहे.

सोनपेठला पाण्याची चणचण असेल, उन्हाची नाही. सौरपॅनलला पाणी लागते ते फक्त धुण्यापुरते. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. लहान घराला तेवढी पुरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतासाठी एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. पंप दिवसा चालला की रात्रीचे जागरण संपले.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी. छतावरचा साधा संच महावितरणच्या लाइनला जोडलेला असतो. लाइट गेली की तोही बंद होतो. सहरीच्या वेळी तर ऊनच नसते. तेव्हाही दिवा हवा असेल तर बॅटरी लागते आणि बॅटरीचा खर्च वेगळा.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तिथे सारा गाव एकत्र आला, म्हणून ते जमले. याउलट बिहारमधील धरनई गावाचा अनुभव आहे. तिथे २०१४ मध्ये गाजावाजा करून गावासाठी सौरवीज आली. पुढे सरकारी लाइन आली, तिची वीज स्वस्त पडली. इकडे बॅटऱ्या खराब झाल्या. काही वर्षांत तो प्रकल्प बंद पडला आणि त्या जागी जनावरे बांधली जाऊ लागली. ऊन तेवढेच होते. सांभाळायला कोणी उरले नाही.

म्हणून सौरऊर्जेचा प्रचार करताना फक्त फुकट विजेची गोष्ट सांगू नये, असे आम्हाला वाटते. ग्रामसभेत आधी साधे प्रश्न विचारावेत. पॅनल कोण पुसणार? बिघाड झाला तर कारागीर किती दिवसांत येणार, हे करारात लिहिले आहे का? दुरुस्तीसाठी दरमहा थोडे पैसे कोण गोळा करणार आणि हिशेब कुठे लावणार? समितीत बायका आहेत का? घरात लाइट नसल्याचा पहिला त्रास त्यांनाच होतो आणि भिशीचा पै-पैचा हिशेब त्याच चोख ठेवतात.

सुरुवात लहान असावी. शाळेचे, ग्रामपंचायतीचे, मशिदीचे किंवा मंदिराचे छत सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तिथला संच दोन उन्हाळे नीट चालला, तर शेजारी आपणहून विचारायला येतील. खडक्याचे पाणी परळीला जाते, ते जाऊ द्या. आपल्या छतावर पडणारे ऊन तरी आपल्या कामी यावे.