सत्य-असत्य उत्तर देणाऱ्या मेथडचे अध्यापन : घोडबंदरच्या पत्त्याचे उदाहरण

प्रस्तावना :
प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या नवागतास, जिचे उत्तर केवळ सत्य किंवा असत्य असते ती मेथड सर्वांत सोपी वाटते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल (१८१५-१८६४) यांनी १८४७ व १८५४ च्या ग्रंथांत तर्काला बीजगणिताचे रूप दिले. जावा भाषेतील या उत्तरप्रकारास त्यांच्याच नावावरून बूलियन म्हणतात. तथापि विद्यार्थ्याच्या विचारातील संदिग्धता याच सोप्या मेथडमध्ये प्रथम उघड होते.

विवेचन :
समजा, नागरिकाची पाण्याविषयीची तक्रार योग्य कार्यालयाकडे पाठविण्यासाठी त्याचा पत्ता मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे काय, हे ठरविणारी मेथड लिहावयाची आहे. पत्त्यात 'घोडबंदर' हा शब्द आढळल्यास सत्य, असे विद्यार्थी सहज लिहितो. घोडबंदर गाव व तेथील किल्ला या महापालिकेत येतात, हे खरे. परंतु घोडबंदर रोड थेट ठाण्यातील माजिवड्यापर्यंत जातो आणि त्यावरील मानपाडा, कासारवडवली हे भाग ठाणे महानगरपालिकेत मोडतात. उलटपक्षी, भाईंदर पूर्वेच्या पत्त्यात सहसा हा शब्द नसल्याने त्यास असत्य उत्तर मिळते. येथे संगणक चुकलेला नसून प्रश्न चुकला आहे. 'शब्द आहे काय' आणि 'हद्दीत आहे काय' हे दोन भिन्न प्रश्न होत. पत्त्यासोबत महापालिकेचे नाव स्वतंत्रपणे नोंदवून त्याची तुलना करणे अधिक योग्य ठरते.

अध्यापनात पुढील बाबींवर भर द्यावा :
(१) मेथडचे नाव प्रश्नरूप असावे, उदा. 'हद्दीत आहे का'.
(२) उत्तर पडद्यावर छापू नये, रिटर्न करावे. छापलेले उत्तर माणूस वाचतो. परंतु इफच्या अटीत ते वापरता येत नाही.
(३) तुलनेचे फलित स्वतःच सत्य किंवा असत्य असते. म्हणून इफ-एल्सचा विस्तार न करता तुलनाच रिटर्न करावी.
(४) जावामध्ये स्ट्रिंगची तुलना इक्वल्स मेथडने करावी. दोन बरोबर चिन्हे मजकूर न तपासता दोन्ही संदर्भ एकाच ऑब्जेक्टचे आहेत काय, एवढेच तपासतात.
(५) चाचणीसाठी घोडबंदर गाव, भाईंदर, कासारवडवली आणि रिकामा पत्ता असे चारही प्रकार घ्यावेत.

समारोप :
एका ओळीची मेथड लिहिण्यापूर्वी प्रश्नाची नेमकी व्याख्या करावी लागते. विद्यार्थ्याने ती प्रथम मराठीत एका वाक्यात लिहावी व नंतरच कोडकडे वळावे. अन्यथा निर्दोष चालणारा प्रोग्रॅमही तक्रार दुसऱ्याच महापालिकेकडे पाठवील.