उण्यातली उजनी

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली, की ‘प्रकृती कशी?’ नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘उजनी किती?’ उत्तर येतं, ‘उणे वीस टक्के.’ परगावच्या पाहुण्याला हे कोडंच वाटतं. धरणात पाणी तर दिसतंय, मग ते शून्याच्या खाली कसं?

भीमा नदी भीमाशंकरला उगम पावते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचं पाणी घेऊन ती आमच्याकडे येते. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात. पुढे रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते. या भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातलं निम्म्याहून अधिक, सुमारे ६३.५ टीएमसी पाणी हा ‘मृतसाठा’. म्हणजे तळाशी राखून ठेवायचं, गाळ धरून असलेलं पाणी. वरचा ५३.५ टीएमसी तो ‘उपयुक्त साठा’. टक्केवारी या वरच्या पाण्याची असते. ते संपलं, की उण्याचा हिशेब सुरू होतो.

उजनी भरते ती आमच्या पावसानं नव्हे. सोलापूर पर्जन्यछायेतलं. पुण्याच्या पश्चिमेला घाटात पाऊस कोसळला आणि वरची धरणं भरून वाहू लागली, की आमच्या कोरड्या आभाळाखालीही उजनी भरते. २०२३ मध्ये पाऊस रुसला, धरण भरलंच नाही. २०२४ च्या जूनपर्यंत साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं.

तेव्हा घरोघरी पोचत होतं ते मृतसाठ्याचंच पाणी. ज्याला कागदावर मृत म्हटलं, त्यानंच जिवंत ठेवलं. पण ही ठेव आहे, मिळकत नव्हे. धरण भरलेलं असताना ऊस, कारखाने, शहरं सगळ्यांनी हात सैल सोडायचा आणि फेब्रुवारी-मार्चात ठेव मोडायची, हा व्यवहार किती वर्षं चालेल? राखीव पाणी आधी पिण्यासाठी, हा क्रम पावसाळा संपतानाच ठरायला हवा. टंचाई आल्यावर ठरवू म्हटलं, तर नुसती भांडणं होतात.

लहानपणी आमच्या घरी नळाला दिवसाआड पाणी यायचं. अम्मी एका लोट्यात वजू करायची. लोटा रिकामा करत नसे. तळाला घोटभर पाणी ठेवायची. ‘कुणी तहानलेला आला तर?’ म्हणायची.

उजनीच्या तळाचं पाणी म्हणजे तिच्या लोट्यातला तो घोट आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)