सिडनी बेशे : वाद्याची निवड आणि कलावंताची वाटचाल

कलावंताच्या वाटचालीत त्याने निवडलेल्या साधनाचा वाटा किती असतो, हे जॅझवादक सिडनी बेशे यांच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

बेशे यांचा जन्म १८९७ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. तेथील वाद्यवृंदांत वाद्यांची कामे ठरलेली असत. मुख्य धून कॉर्नेट वाजवी, क्लॅरिनेट तिच्याभोवती नक्षीकाम करी आणि ट्रॉम्बोन खालच्या स्वरांचा आधार देई. बेशे क्लॅरिनेट वाजवीत. ही विद्या त्यांनी स्वरलिपीवाचून, केवळ कानाच्या बळावर संपादन केली होती.

१९१९ मध्ये ते एका वाद्यवृंदासह लंडनला गेले. स्विस संगीतसंचालक अर्नेस्ट आन्सर्मे यांनी लेख लिहून त्यांच्या प्रतिभेचा गौरव केला. लंडनमध्येच बेशे यांनी सरळ नळीचा सोप्रानो सॅक्सोफोन विकत घेतला. त्याच्या भरदार आवाजामुळे त्यांना कॉर्नेटच्या बरोबरीने मुख्य धून पेलता येऊ लागली. येथे वाद्याबरोबर वादकाची भूमिकाही बदलली, हे लक्षात घ्या.

तथापि प्रतिभा उपजीविकेची हमी देत नाही. १९३० नंतरच्या आर्थिक मंदीत बेशे यांना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शिंपीकामाचे दुकान चालवावे लागले. १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘समरटाइम’ने ते पुन्हा प्रकाशात आले. पुढे ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले. तेथे त्यांना अमेरिकेत कधीच न लाभलेली लोकप्रियता मिळाली. १९५९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : सोप्रानो सॅक्सोफोनमुळे बेशे यांच्या वाद्यवृंदातील स्थानात कोणता फरक पडला, ते पाच ओळींत लिहा.