तांड्यावरची तीज

राखीपौर्णिमा झाली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर भागातल्या बंजारा तांड्यांवर तीज बसते. लग्न न झालेल्या मुली दुरड्यांत माती-खत घालून गहू पेरतात. गोकुळाष्टमीपर्यंत रोज पाणी घालायचं आणि दुरड्यांभोवती फेर धरून गायचं. एखादी जाणती बाई ओळ सोडते, मुली ती उचलतात. चाल चुकली की पुन्हा पहिल्यापासून. गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, शिकण्याचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. भावाची आळवणी, देवाकडचं मागणं, थट्टा, सगळं इथं तोंडी बसतं.

ढावलो मात्र मागे पडतो आहे. माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून नवरीनं रडत म्हणायचं हे गीत थोरल्या बायांकडून आधी शिकावं लागतं. आता लग्न एका दिवसात, डीजेवर उरकतं.

लेंगी या होळीच्या गाण्यांचं दुखणं वेगळं. मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच, परततात. त्यांची होळी बहुधा फडावरच जाते. लेंगी मग कोप्यांपुढे होते, पण डफाभोवती अख्खा तांडा नसतो. तरी फडावर बोली टिकते. ती सुटते शाळेत. आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणारं पोर पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकात त्याच्या घरचं काहीच नसतं.

2011च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे हीच बोली, बोलणारे सुमारे 32 लाख 76 हजार भरले, तेही हिंदीच्या पोटात. पण शाळेत बोली सुटत असेल तर या आकड्यावर निर्धास्त राहता येणार नाही. उलट, अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोहॉक या आदिवासी लोकांची भाषा बोलणारे जेमतेम काही हजार. पण अक्वेसास्ने इथल्या पालकांनी 1979 साली स्वतःची शाळा काढली आणि 1985पासून तिथं मोहॉकमधूनच शिकवायला घेतलं. पोरं आपल्या भाषेला परकी होताहेत हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

आपल्या 2009च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तिथं मातृभाषेतून शिकवा, असं म्हटलं आहे. जालन्यात सुरुवात श्रावणातच करता येईल, कारण तेव्हा तांडा घरी असतो. तिजेची ओळ सोडणाऱ्या बाईला त्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळेत बोलवा, रीतसर मानधन द्या. मुलींबरोबर मुलगेही बसू देत, आणि गुरुजींनी तिची गाणी देवनागरीत उतरवून घ्यावीत.