बटण दाबले, पण मेल गेला का?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले. मुख्यालय मात्र गडचिरोलीला. सिरोंच्याहून तिथे यायचे म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून शिष्यवृत्ती असो, प्रवेश असो की नोकरीचा अर्ज, आपल्या घरातली मुलं-मुली आता कागदपत्रे मोबाईलवरूनच मेल करतात. सोय मोठी आहे. पण भामरागड, एटापल्लीसारख्या जंगलभागात रेंज कधी असते, कधी नसते. घोटाळा तिथेच होतो.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल अ‍ॅप आधीपासूनच असते. मेल लिहून बाणाच्या खुणेवर बोट टेकवले की तो समोरून नाहीसा होतो. आपल्याला वाटते, गेला. पण त्या वेळी नेट नसेल, तर तो फोनमध्येच 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहतो. रेंज आली की अ‍ॅप तो आपोआप पाठवते. तोवर शेवटची तारीख उलटली, तर समोरच्यासाठी आपला अर्ज उशिराच आलेला असतो.

म्हणून मेल पाठवल्यावर एवढे करा. वर डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर बोट ठेवा आणि 'आउटबॉक्स' पाहा. तिथे मेल दिसला, तर तो अजून गेलेला नाही. रेंजमध्ये जा आणि फोन चालू ठेवा. मेल 'पाठवलेले' या कप्प्यात दिसला, की तो आपल्या फोनमधून गेला समजा.

जोडलेल्या फोटोंचा आकारही बघा. जीमेलमध्ये एका मेलला २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते, आणि रेंज कमजोर असेल तर त्याहून लहान फाइलही अडकते. गुणपत्रिकेचा, दाखल्याचा फोटो आधी लहान करून घ्या.

आणखी एक. स्क्रीनवर बोट आडवे सरकले की आलेला मेल यादीतून गायब होतो. घाबरू नका. सेटिंग बदललेली नसेल तर तो 'सर्व मेल' मध्ये सापडतो. चुकून डिलीट झालेला मेलही ३० दिवस कचरापेटीत राहतो.

आमचे सांगणे इतकेच: शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. दोन दिवस आधी पाठवा आणि पोच मागवा. घरात अम्मी-अब्बांनाही आउटबॉक्स कुठे असतो ते दाखवून ठेवा.