चाकाचा फेरा आणि वेगाचे गणित

इतिहास शिकविणाऱ्याने स्मरणिकेत गणितावर लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु निवासी शाळेत शिक्षकाचा विषय केवळ वेळापत्रकापुरता असतो. सायंकाळच्या अभ्यासिकेत मुले जो प्रश्न विचारतील, तो आपला विषय. असाच एक प्रश्न एका आठवीच्या मुलाने आम्हांस विचारला होता: "सर, गाडी रस्त्याकडे पाहत नाही, मग तिला आपला वेग कळतो कसा?"

उत्तर चाकात आहे. चाक न घसरता एक पूर्ण फेरा घेते, तेव्हा गाडी बरोबर चाकाच्या परिघाइतकी पुढे सरकते. म्हणजे परीघ ठाऊक असेल आणि मिनिटाला किती फेरे होतात हे मोजता आले, तर वेग आपोआप हाती येतो. परीघ काढण्यासाठी व्यासाला 22/7 ने गुणावे, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. त्याचा उपयोग मात्र क्वचितच केला.

आम्ही मुलांना वसतिगृहाच्या अंगणात नेले. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातील मुलींना मिळतात तशी एक साधी सायकल घेतली. टायरवर व त्याखाली जमिनीवर खडूने खूण केली, सायकलीवर एकाला बसविले आणि एक फेरा पूर्ण होईपर्यंत ती सरळ ढकलली. दोन खुणांमधील अंतर भरले सुमारे 2.2 मीटर. चाकाचा व्यास 28 इंच, म्हणजे 71 सेंटिमीटर. त्याला 22/7 ने गुणले तर 2.23 मीटर येतात. मग तीन सेंटिमीटर गेले कुठे? बसणाऱ्याच्या भाराने टायर खाली थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष अंतर किंचित कमी भरते. कागदावरचे उत्तर आणि जमिनीवरचे उत्तर यांतील हा फरक मुलांनी स्वतः शोधला, याचे आम्हांस अधिक समाधान वाटले.

आता हे चाक मिनिटाला 90 वेळा फिरते असे धरू. 2.2 गुणिले 90 म्हणजे मिनिटाला 198 मीटर. तासाची 60 मिनिटे धरली तर 11,880 मीटर, अर्थात ताशी सुमारे 12 किलोमीटर. फेरे मोजणे जड जात असेल, तर पेडल मोजावे. पुढच्या चक्रीला 44 व मागच्या चक्रीला 18 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक 44 भागिले 18, म्हणजे सुमारे 2.44 फेरे घेते. मिनिटाला 37 वेळा पेडल फिरविले की चाकाचे 90 फेरे होतात. हिंगोलीहून औंढा नागनाथचे सुमारे 25 किलोमीटर सायकलीने जाताना चाक अकरा हजारांहून अधिक वेळा फिरते, हे ऐकून मुले स्तब्ध झाली.

एक मीटर व्यासाच्या बसच्या चाकाचा परीघ 3.14 मीटर. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1,000 मीटर. म्हणून चाकाचे मिनिटाला 318 फेरे, सेकंदाला पाचांहून अधिक. ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत. येथे यंत्र लागते. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजण्याची युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने अशा गाडीचे वर्णन करून ठेवले आहे: चार फूट व्यासाचे चाक, एका फेऱ्यात साडेबारा फूट, म्हणून 400 फेऱ्यांत 5,000 फूट, म्हणजे एक रोमन मैल. वेग दाखविणाऱ्या चुंबकीय काट्याचे पेटंट ऑटो शुल्झ याने 1902 मध्ये घेतले. आजच्या अनेक गाड्यांत चाकाजवळ दातेरी कडे असते व संवेदक त्याचे दाते मोजतो. राष्ट्रध्वजावरील चक्राच्या 24 आऱ्या डोळ्यांसमोर आणाव्यात: 24 आऱ्या मोजल्या की एक फेरा झाला.

परंतु काट्याला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त फेरे कळतात. 60 सेंटिमीटर व्यासाच्या टायरऐवजी कुणी 63 चा बसविला, तर काटा 60 दाखवीत असताना गाडी 63 ने धावते. टायर झिजून लहान झाला, तर उलट होते. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर रुतला की चाक गरगरते आणि गाडी जागची हलत नाही. ब्रेकने चाक अडकून गाडी घसरली, तर फेरे शून्य आणि वेग मात्र जिवावर बेतणारा.

हे गणित आम्हांस एकदा उपयोगी पडले. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी मुलांना घेऊन आम्ही भाड्याच्या जीपने नागपूरला निघालो होतो. जीपचा काटा बंद होता व टायर मूळ मापाहून मोठे होते. चालक म्हणाला, "पन्नासच आहे, गुरुजी." आम्ही मुलांना किलोमीटरचे दगड व घड्याळ पाहण्यास सांगितले. दोन दगडांमधील अंतर 44 सेकंदांत सरले. 3,600 भागिले 44, म्हणजे ताशी सुमारे 82. त्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 23 मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत इतके अंतर संपलेले असते. एका मुलाने वहीतला हिशेब चालकापुढे धरला. तो काही बोलला नाही. वेग मात्र कमी केला.

चाक कुणाच्या हाती असावे, हा प्रश्न आपल्या समाजासाठी नवा नाही. 1901 मध्ये मसूर स्थानकावर उतरलेल्या बालक भीमरावांना व त्यांच्या सोबतच्या मुलांना नेण्यास गाडीवान तयार नव्हते. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. 1929 मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. त्यांना पायी नेणे वस्तीतील लोकांना सन्मानाचे वाटेना. म्हणून कधीही टांगा न हाकलेल्या एकाने लगाम धरला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले व त्यांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे दोन्ही प्रसंग नोंदविले आहेत. त्या माणसाची माया खोटी नव्हती. हाकण्याचे कसब शिकण्याची संधीच त्याला कुणी दिली नव्हती.

आज आमचे विद्यार्थी बस चालवितात, ट्रॅक्टर दुरुस्त करतात, काही अभियंते झाले आहेत. पालकांना आमची एकच विनंती: सुट्टीत मूल घरी आले, की खडू आणि सायकल त्याच्या हाती द्या आणि एक फेरा मोजू द्या. पुढचा हिशेब त्याचा तो करील.